मागचा दिसला

१

शनिवारी दुपारी लेकीला, बिट्टीला झोपवलं की मी वर्कशॉपात येऊन फळा पुसते. रविवारच्या सफरीची यादी माझ्याकडे असते. कोणती गाडी कितव्या नंबरला, आत माणसं किती, वेळ पडली तर कोणाच्या घरी फोन लावायचा. मग एकेका गाडीपाशी जाऊन बघायचं. स्टेपनीत हवा आहे का, ओढायचा पट्टा आणि कड्या ठेवल्यात का, फावडं, जॅक, जॅकखाली घालायची फळी. फळी लोक हमखास विसरतात. मग चिखलात गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो, आणि आमच्या ह्यांच्या नावानं शंख.

हे गाड्या दुरुस्त करतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. चार हौशी लोकांच्या गाड्या घेऊन रानातल्या कच्च्या वाटांनी फिरायला जायचं त्यांनी सुरू केलं, आणि बघता बघता वर्कशॉपचं निम्मं काम त्यातूनच यायला लागलं.

वाटेत तीन फाटे लागतात. नियम सोपा आहे. मागची गाडी आरशात दिसल्याशिवाय फाट्यावर वळायचं नाही. दिसली की गाडीतल्या वायरलेस सेटवर सांगायचं, ‘मागचा दिसला.’ सगळ्यात शेवटच्या गाडीच्या मागे कोणी नसतं, म्हणून तिनं म्हणायचं, ‘मागे कोणी नाही.’ ते शब्द आले की फाटा झाला. आणि धुळीत कोणाला पुढची गाडी दिसेनाशी झाली, तर त्यानं म्हणायचं, ‘पुढचा दिसत नाही.’ हे ऐकलं की पुढच्यांनी जागच्या जागी ब्रेक मारायचा आणि ‘थांबलोय’ म्हणून उत्तर द्यायचं. पहिल्याच वर्षी एक गृहस्थ भलत्याच वाटेला लागून तीन तास एकटे हॉर्न वाजवत बसले होते. तेव्हापासून हा नियम.

एक सेट घरी, म्हणजे वर्कशॉपातल्या मांडणीवर असतो. त्याची तार उंच खांबावर नेलीय. तिथे मी बसते. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण अक्षर चांगलं आहे. प्रत्येक फाट्याला प्रत्येक गाडीपुढे एक खूण करते. शेवटची खूण झाली की श्वास सोडते. सासूबाई म्हणतात, ‘हिच्या दारात सुख आलं तरी ही आधी त्याला ताप आहे का ते बघेल.’

त्या महिन्यात कोपऱ्यात ठोकळ्यांवर एक जुनी जीप चढवलेली होती. भंगारातून आणलेली. हे रोज संध्याकाळी तिच्याखाली शिरायचे. महिनाअखेरीला सगळ्यांनी बायकामुलांना घेऊन यायचं, अशी घरच्या माणसांची सफर ठरली होती, आणि ती जीप मी चालवायची होती. बिट्टी तेव्हा सहा वर्षांची. तिचा खालचा पुढचा दात हलत होता आणि दिवसभर जिभेनं ती तो ढकलत बसायची.

२

त्या रविवारी सहा गाड्या गेल्या. पुढे हे, शेवटी दातवाले डॉक्टर. पहिल्या दोन फाट्यांवर सगळं नेहमीसारखं झालं. तिसऱ्या फाट्यावर अकराच्या सुमारास आवाज यायला लागले. मागचा दिसला, मागचा दिसला. मी खुणा करत गेले. पाच झाल्या. मग डॉक्टरांचा आवाज आला, अगदी साधा.

‘मागचा दिसला.’

माझी पेन्सिल कागदावरच राहिली. वाटलं, सवयीनं बोलून गेले. आता हे त्यांची खेचतील. पण कोणी हसलं नाही. सेट नुसता खरखरत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी दोनदा विचारलं, ‘काय झालंय? कोणाची गाडी बंद पडली का?’ ह्यांनी एवढंच सांगितलं, ‘थांबलोय. मागचा येऊ दे.’

वीस मिनिटांनी ते म्हणाले, ‘निघालो,’ आणि सफर पुढे गेली.

दुपारी गाड्या परत आल्या. लोक हातपाय धूत होते, चहा पीत होते, कोणाचा टायर कापला त्यावर चेष्टा चालली होती. मी चाकांत हवा भरत होते. वाटेवर हवा कमी करावी लागते, परत आल्यावर भरायची. हे शेजारी उभे राहून काट्याकडे बघत होते.

‘तिसऱ्या फाट्यावर कोणासाठी थांबलात?’

‘मागच्यासाठी.’

‘मागचा कोण? शेवटी तर डॉक्टर होते.’

ह्यांनी कपाळ पुसलं. हाताचं काळं कपाळाला लागलं. ‘त्यांनी सांगितलं मागचा दिसला, म्हणून थांबलो. नियम नाही का तसा?’

‘मग आला का तो?’

‘अगं, सहा गेले, सहा आले. तुला काय सातवा पाहिजे?’

बरोबरच होतं. फळ्यावर सहाच होते. पण वीस मिनिटं सहा गाड्यांतली पंधरा माणसं रानात एका जागी उभी राहिली, आणि त्यातल्या एकालाही मागे वळून मोजावंसं वाटलं नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना.

३

बुधवारी डॉक्टर गाडी घेऊन आले. हे बाहेर सामान आणायला गेले होते. मी बिट्टीला घेऊन बाकावर बसले होते.

‘वहिनी, एक काम होतं. आतला आरसा काढून टाकायचाय.’

‘फुटलाय का?’

‘नाही.’

मी बाकावरूनच वाकून बघितलं, आरसा धड होता. त्यांनाच बरं वाटेना. मग त्यांनी बिट्टीला जवळ ओढलं. ‘बघू गं, आ कर. अरे वा, हा तर पाहुणा झालाय. चार दिवसांत पडेल बघ.’ त्यांनी बोटानं दात हलवून दाखवला. बिट्टीनं त्यांचं बोट चावलं. ते हसले, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

‘डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत?’

‘गाडी पाहिली. दुसऱ्या कुठल्या ग्रुपची असेल.’

‘कोणत्या रंगाची?’

‘धुळीत काय कळतंय. मातकट होती. रंग द्यायच्या आधी गाडी असते ना, तशी. आणि पुढचा दिवा एकच.’ ते थांबले. ‘मी थांबलो की तीही थांबायची. जवळ येईना. आपण नाही का, अंतर ठेवतो दोन गाड्यांत? तेवढंच अंतर. अगदी शिकवल्यासारखं.’

माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली. कोपऱ्यात ठोकळ्यांवर आमची जीप होती. तिला ह्यांनी नुकताच रंगाखालचा मातकट हात दिला होता. डावा दिवा बसवलेला होता. उजव्याच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यातून दोन वायरी लोंबत होत्या. चाकं अजून लावलेली नव्हती.

मी मनाशी म्हटलं, डॉक्टर महिनाभर इथे येताहेत, जीप रोज बघताहेत. उन्हात, धुळीत डोळ्यांनी तेच दाखवलं असेल. माणसाला चेहरे ढगातही दिसतात.

‘आरसा मिस्त्री आल्यावर काढतील,’ मी म्हटलं.

‘मी थांबतो,’ डॉक्टर म्हणाले. पुढच्या सफरीला ते येणार नव्हते. पेशंट होते म्हणे. रविवारी त्यांचा दवाखाना बंद असतो, ते मला ठाऊक होतं.

४

त्या आठवड्यात जीप निळी झाली. उजवा दिवा बसला, चाकं लागली. बिट्टीनं ब्रश मागून घेतला आणि दाराच्या आतल्या बाजूला एक फरांटा ओढला. हे ओरडले नाहीत. राहू दे म्हणाले, तिची सही आहे.

रविवारी पाच गाड्या गेल्या. शेवटी बँकेतले काका. दिलदार माणूस, जोक सांगून आधी स्वतःच हसणारा. आमची निळी जीप माझ्यासमोर वर्कशॉपात उभी होती. तिचा रंग अजून बोटाला चिकटत होता.

तिसऱ्या फाट्याला काकांचा आवाज आला. ‘मागचा दिसला.’

मी लगेच बटण दाबलं. ‘काका, मी घरून बोलतेय. तुमच्या मागे कोणी नाहीये. यादीत तुम्हीच शेवटचे.’

सेट खरखरला. मग काका म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही घरी आहात?’

‘म्हणजे काय? मी रोज इथेच तर असते.’

‘नाही, मला वाटलं मिस्त्रींनी तुम्हाला सरप्राइज म्हणून आणलंय. निळी जीप आहे. दोन्ही दिवे लावलेत.’ मग हळूच, ‘आत कोणीतरी आहे. काच उन्हानं चमकतेय.’

मी हात लांब करून जीपच्या बॉनेटवर ठेवला. गार होता. बोटाला निळा रंग लागला.

त्या दिवशी ते अर्धा तास थांबले.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. दिव्याचं, मातकट रंगाचं, सगळं. हे जेवता जेवता ऐकत होते.

‘जीप सगळ्यांनी इथे बघितलीय,’ ते म्हणाले. ‘डॉक्टरनी काकांच्या कानात काहीतरी घातलं असणार. एकाला शिंक आली की दुसऱ्याला सर्दी.’

‘मग तुम्ही का थांबता? तुम्ही पुढे असता, एकदा मागे जाऊन बघत का नाही?’

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. सासूबाई म्हणाल्या, ‘मी सांगते, ही घरच्या माणसांची सफर राहू दे.’

‘राहू दे म्हणजे? डॉक्टर सुटले, काकांनी आत्ताच फोन करून नाही म्हटलंय. दोन महिन्यांत वर्कशॉपात कुत्रं फिरकणार नाही.’ मग माझ्याकडे बघून, शांतपणे, ‘शेवटची गाडी तू घे. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. तू आरशात बघ, आणि सेटवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग की मागे कोणी नाही. विषय संपला.’

‘आणि बिट्टी?’

‘बिट्टी माझ्या गाडीत. सगळ्यात पुढे. मग तर झालं?’

झालं, मी म्हटलं. खरंच मला तेव्हा बरं वाटलं होतं.

५

पुढच्या रविवारी, घरच्या माणसांच्या सफरीला, सकाळी गाड्या रांगेत लागल्या. मी एक गोष्ट केली होती, कोणाला न सांगता. बिट्टीच्या जुन्या पिवळ्या फ्रॉकची पट्टी फाडून जीपच्या पुढच्या हुकाला बांधली, सगळे आपापल्या गाडीत बसल्यावर. ती कोणी पाहिलेली नव्हती. म्हणजे मागे काही दिसलंच, आणि त्याला पट्टी नसेल, तर ते लोकांच्या डोक्यातलं. एवढा हिशोब माझा पक्का होता.

निघताना बिट्टीनं ह्यांच्या गाडीत बसून भोकाड पसरलं. तिला निळ्या जीपमध्येच बसायचं होतं, तिच्या सहीपाशी. हे मला खूण करत होते, नको म्हणून. पण ती पुढे, मी शेवटी, मध्ये चार गाड्या आणि सगळी धूळ. मला वाटलं, माझ्या डोळ्यांसमोर असलेली बरी. मी जाऊन तिला उचलून आणलं. हे माझंच काम, दुसऱ्या कोणाचं नाही.

पहिला फाटा झाला. आरशात रिकामी वाट. ‘मागे कोणी नाही,’ मी म्हटलं आणि पुढून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्याचे आवाज सेटवर आले. दुसरा फाटाही तसाच. बिट्टी दात ढकलत गाणं म्हणत होती. मला हसू आलं. आठवडाभर मी कशाला जिवाला घोर लावून घेतला, असं झालं.

तिसऱ्या फाट्याआधी ओढ्याचं कोरडं पात्र लागतं. तिथे माती पिठासारखी आहे. पुढच्या गाडीनं एवढी धूळ उडवली की समोर नुसता पांढरा पडदा झाला. पुढचा दिसेना. नियमाप्रमाणे मी सांगायला पाहिजे होतं. बटणावर अंगठाही गेला. पण मघाशी टाळ्या झाल्या होत्या. आता लगेच घाबरून ओरडायची मला लाज वाटली. मी गप्प राहिले आणि अंदाजानं गाडी रेटली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. बिट्टीचं गाणं थांबलं होतं.

पडदा विरला तेव्हा पुढची गाडी समोर होती आणि फाटा आला होता. मागचा दिसला, मागचा दिसला. माझी पाळी आली. मी आरशात पाहिलं.

निळी होती. दोन्ही दिवे लागलेले. ठरलेल्या अंतरावर ती थांबली होती, आणि पुढच्या हुकाला पिवळी पट्टी होती. वारा नव्हता, पट्टी सरळ खाली लोंबत होती. काचेवर ऊन होतं, पण ढग सरकावा तसं ते सरकलं आणि आत बाई दिसली. दोन्ही हात चाकावर, वर धरलेले, नवीन शिकलेलं माणूस धरतं तसे. तिच्या शेजारी काचेच्या खालच्या काठावर एक छोटं डोकं.

बाईनं मान वर केली आणि तिच्या आरशात पाहिलं.

‘आई,’ बिट्टी म्हणाली. ती सीटवर उलटी बसून मागे बघत होती. ‘ती हात करतेय.’

‘खाली बस.’

‘शेवट,’ ह्यांचा आवाज आला. ‘शेवट, बोल. सगळे थांबलेत.’

मागचा दिसला की थांबायचं. वाटेवर कोणाला सोडून यायचं नाही. मी स्वतः फळ्यावर हे लिहून लोकांना समजावलेलं आहे. मागे बाईनं सेट तोंडाशी नेला. ती काय बोलणार ते मला ऐकायचं नव्हतं.

मी बटण दाबलं. ‘मागे कोणी नाही,’ म्हटलं, आणि वळले.

६

आता सगळं ठीक आहे. त्या दिवसापासून कोणालाही मागे काही दिसलेलं नाही. काका परत आले, डॉक्टरही आले. वर्कशॉपात गाड्यांना जागा पुरत नाही. हे मला लोकांसमोर म्हणतात, ‘हिनं भूत पळवलं.’ लोक हसतात. मीही हसते.

सफरीनंतर आठवड्यानं डॉक्टर आरसा परत बसवून घ्यायला आले, तेव्हा त्यांनी बिट्टीला विचारलं, ‘काय गं, पाहुणा गेला का?’ आणि तोंडात बोट घातलं. या वेळी तिनं चावलं नाही. ती त्यांच्याकडे बघत शांत उभी राहिली.

डॉक्टरांनी बोट बाहेर काढून रुमालाला पुसलं. ‘पक्का आहे हा,’ ते म्हणाले. ‘हलत नाहीये.’

‘तुम्हीच हलवून दाखवलात ना?’

‘दुसरा असेल वहिनी. माझाच घोटाळा झाला असेल.’ त्यांनी पुन्हा तोंडात पाहिलं नाही.

त्याला पाच महिने झाले. तिच्या वर्गातल्या मुलांचे दोन दोन दात पडले. हिचा एकही हलत नाही. बाकी काही नाही. ती जेवते, झोपते, अभ्यास करते, हट्ट करत नाही. सासूबाई म्हणतात, पोर एकदम शहाणी झाली. एवढं बोलून त्या तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहतात. मी एकदा जीपच्या दाराच्या आतला तो फरांटा पाहिला. होता तिथेच होता. ब्रश तिनं खालून वर ओढला होता की वरून खाली, ते मी आठवत बसले. आठवलं नाही.

परवाच्या रविवारी सात गाड्या गेल्या होत्या. तिसरा फाटा झाला, सातवी खूण केली. एरवी मी मग सेटचा आवाज कमी करून कामाला लागते, कारण त्या फाट्यापुढे डोंगराआड गेलं की तासभर कोणाचाच आवाज पोचत नाही. त्या दिवशी बिट्टी मांडीवर येऊन बसली, म्हणून आवाज तसाच राहिला.

थोड्या वेळानं सेट खरखरला. एक बाई बोलत होती. आवाज घाबरलेला नव्हता, फक्त दमलेला. रोज तेच वाक्य म्हणून म्हणून माणूस दमतो तसा.

‘पुढचा दिसत नाही.’

आपला आवाज आपल्याला ओळखता येत नाही म्हणतात. मला आला.

‘पुढचा दिसत नाही,’ ती पुन्हा म्हणाली. आणि मागून, लांबून, एक लहान मुलगी बोबडं बोलली. दात पडल्यावर हवा निसटते आणि शब्द फसफसतात, तसं.

‘आई, सांग ना त्यांना. माझा दात पडला.’

माझा अंगठा बटणावर गेला. काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. थांबलोय. एवढाच शब्द. तो पाच महिने माझ्या तोंडात आहे. मी अंगठा दाबला, तोंड उघडलं.

मांडीवरची बिट्टी पुढे वाकली. तिनं आपली बोटं माझ्या अंगठ्यावर ठेवली, घट्ट, बटण सुटू नये म्हणून, आणि सेटपाशी तोंड नेऊन, सगळे दात नीट जुळवून, मोठ्या माणसासारखं स्पष्ट म्हणाली,

‘मागे कोणी नाही.’